नवा जोडलेला पीसी सुरूच होत नाही? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणले, रात्र जागून जोडले, बटण दाबलं आणि पुढे काहीच नाही. अशा वेळी पहिला संशय मदरबोर्डवर जातो, दुसरा प्रोसेसरवर. नवाकोरा भाग मुळातच खराब निघतो, नाही असं नाही. पण त्याच्या आधी नंबर लागतो अर्धवट बसलेल्या प्लगचा, चुकीच्या खाचेतल्या रॅमचा आणि जुन्या बायोसचा (बोर्डातलं, पीसी सुरू करून देणारं सॉफ्टवेअर). म्हणून खालची उत्तरंही त्याच क्रमाने आहेत: फुकटात तपासता येतं ते आधी, खर्चाचं नंतर. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि मग बटण दाबा. तीन गोष्टी एकदम हलवल्या तर पीसी सुरू होईलही, पण कशामुळे झाला ते कळणार नाही. आणि आत हात घालण्याआधी दर वेळी प्लग काढा.

बटण दाबलं तर पंखा नाही, लाइट नाही, आवाज नाही. सुरुवात कुठून करू?

भिंतीपासून. त्याच सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून बघा. स्पाइक बस्टर तात्पुरता बाजूला ठेवा आणि वायर थेट भिंतीत लावा. मॉनिटरची पॉवर वायर बहुतेक वेळा त्याच जातीची असते, ती लावून बघितली की वायरीचा प्रश्न मिटतो. एसएमपीएसच्या (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) पाठीमागे छोटा स्विच असतो: रेघ म्हणजे चालू, गोल म्हणजे बंद. हा स्विच बंद राहिल्यामुळे टॅक्सी करून दुकानात आलेले पीसी कमी नाहीत. जुन्या किंवा स्वस्त एसएमपीएसवर ११५ आणि २३० असा लाल खटका असेल तर तो २३० वरच हवा. वीज कंपनी बेस्ट असो, अदानी असो, टाटा असो की मुलुंड-भांडुपचं महावितरण, आपल्याकडे घरात २३० व्होल्टच येतात. खटका ११५ वर ठेवून प्लग लावला तर मोठा आवाज होऊन एसएमपीएस जाईल.

मग कॅबिनेट उघडा. मदरबोर्डच्या उजव्या कडेला २४ पिनांचा रुंद प्लग असतो. नव्या बोर्डात तो फार घट्ट जातो. बोर्ड वाकतोय असं वाटून लोक मध्येच हात आवरता घेतात आणि प्लग दोन मिलीमीटर वर राहतो. एका हाताने बोर्डाच्या कडेला आधार द्या, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने सरळ खाली दाबा. प्लगचा हूक सॉकेटच्या दाताखाली गेला की ‘कट्’ असा आवाज येतो. आवाज आला नाही तर बॅटरी मारून कडेने बघा. हूक दातावर नुसता टेकलेला दिसेल.

दुसरा प्लग प्रोसेसरजवळ, बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात: ८ पिनांचा, बहुधा चार-चारचे दोन तुकडे. ग्राफिक्स कार्डाचाही ८ पिनांचाच असतो, पण तो सहा आणि दोन असा तुटतो. दोन्हींची आतली जोडणी वेगळी आहे, त्यामुळे जबरदस्तीने बसवू नका. वायरींवर सीपीयू (प्रोसेसर) आणि पीसीआयई (ग्राफिक्स कार्ड) असं छापलेलं असतं, ते वाचा.

आणि एक गंभीर गोष्ट. मॉड्युलर, म्हणजे वायरी सुट्या करता येणारा एसएमपीएस असेल तर त्याच्या खोक्यातल्याच वायरी वापरा. मित्राकडच्या दुसऱ्या कंपनीच्या वायरी प्लगमध्ये बसतील, पण एसएमपीएसच्या बाजूचा पिनांचा क्रम प्रत्येकाचा वेगळा असतो. कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही वेगळा. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की हार्ड डिस्क जळते, आणि हे वॉरंटीत बसत नाही.

कॅबिनेटचं बटणच खराब असेल तर?

असू शकतं. बटणापासून निघालेली बारीक दोन पिनांची वायर मदरबोर्डच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात लागते, आणि नऊ-दहा पिनांच्या त्या झुपक्यात जागा चुकणं अगदी सोपं आहे. मदरबोर्डच्या पुस्तिकेत नकाशा दिलेला असतो. पॉवर स्विचची वायर उलटसुलट लागली तरी चालते. उलटं चालत नाही ते फक्त लाइटच्या वायरींना.

खात्री करायची तर ती वायर काढा, प्लग लावा, आणि पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक एक सेकंद एकदम टेकवा. फक्त त्या दोनच पिना. पीसी सुरू झाला तर दोष बटणाचा किंवा त्याच्या वायरीचा. तोवर रिसेट बटणाची वायर तिथे लावून काम भागतं. कित्येक जण मग कायम तसंच ठेवतात.

एसएमपीएस चालू आहे की नाही हे घरी कसं कळेल?

अनेक बोर्डांवर प्लग लावताच एखादा छोटा दिवा लागतो. बंद पीसीलाही एसएमपीएस ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा करत असतो, त्यावर तो जळतो. दिवा लागला म्हणजे भिंत, वायर आणि एसएमपीएसचा निदान एक भाग ठीक आहे.

पुढची चाचणी पेपर क्लिपची. एसएमपीएसच्या सगळ्या वायरी बोर्डापासून आणि इतर भागांपासून सोडवा. मागचा स्विच बंद ठेवून २४ पिनांच्या प्लगमधली हिरवी वायर आणि शेजारची कुठलीही काळी वायर क्लिपने जोडा, मग स्विच चालू करा. पंखा फिरला तर एसएमपीएस जिवंत आहे. हल्ली सगळ्याच वायरी काळ्या येतात. तेव्हा हूक असलेल्या बाजूच्या रांगेत, हूक वर आणि पिनांची भोकं तुमच्याकडे धरल्यावर डावीकडून गणती करायची की उजवीकडून यात गोंधळ होतो. म्हणून पुस्तिकेतला नकाशा बघून १६ नंबरची पिन शोधा; १७ नंबरची ग्राउंड तिच्या शेजारीच असते. काही महागड्या एसएमपीएसचा पंखा लोड नसताना फिरतच नाही, तिथे मल्टिमीटर लागतो: पिवळ्या वायरीवर ११.४ ते १२.६, लाल वायरीवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट.

पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस पूर्ण निर्दोष, असं मात्र नाही. लोड आल्यावर मान टाकणारेही असतात. आणि एसएमपीएसचा डबा उघडू नका, प्लग काढला तरी नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून जास्त व्होल्ट काही काळ साठून राहतात.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. एसएमपीएस खराब आहे का?

बहुधा नाही, घराला अर्थिंग नाही. जुन्या चाळीत आणि पागडीच्या इमारतींत हे सर्रास दिसतं: सॉकेट तीन पिनांचं, पण वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून अर्थकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थ मिळाला नाही की कॅबिनेटचा पत्रा निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ च्या आसपास तरंगत राहतो. करंट अगदी कमी असल्याने फक्त झिणझिण्या येतात. पण ते तसंच सोडायचं नाही. यूएसबी पोर्ट जाणं, मध्येच रिस्टार्ट होणं असे चमत्कारिक त्रास यातून होतात, आणि पुढे आत खरोखरच फेज पत्र्याला लागली तर फ्यूज उडवायला मार्गच नसतो.

इलेक्ट्रिशियनला बोलवून अर्थिंग तपासून घ्या. फेज आणि अर्थ यांच्यात २३० च्या जवळपास, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात जेमतेम दोन-चार व्होल्ट दिसायला हवेत. ‘नळाच्या पाइपाला वायर बांधून देतो’ असं म्हणणाऱ्याला नम्रपणे परत पाठवा. तो पाइप वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरातही जातो, आणि मध्ये कुठेतरी प्लास्टिकचा तुकडा जोडलेला असला तर अर्थ मिळतच नाही.

बटण दाबताच पंखा क्षणभर हलतो आणि सगळं बंद होतं.

एसएमपीएसला कुठेतरी शॉर्ट दिसतोय आणि तो स्वतःला वाचवतोय. ठरलेली कारणं थोडीच आहेत. कॅबिनेटमध्ये आधीपासून बसवलेला एखादा पितळी स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून वर धरणारा छोटा खांब) बोर्डाच्या भोकाखाली नसून भलत्याच जागी पाठीला टेकलेला असतो. मायक्रो एटीएक्स, म्हणजे छोट्या आकाराचा बोर्ड मोठ्या कॅबिनेटमध्ये बसवताना हे हमखास घडतं. किंवा एक स्क्रू बोर्डाखाली घरंगळलेला असतो. कॅबिनेट हलवून खुळखुळ ऐका. किंवा शॉर्ट नसतोच, प्रोसेसरजवळचा ८ पिनांचा प्लग विसरलेला असतो. ग्राफिक्स कार्ड काढून बघा, समोरच्या यूएसबीची वायर काढून बघा, त्या पिना वाकून एकमेकींना चिकटल्या असतील.

नवीन बोर्ड पहिल्यांदा सुरू होताना आपणहून दोन-तीनदा बंद-चालू होतो, तो मात्र दोष नाही.

पंखे फिरतात, आरजीबीचे रंगीत दिवे झगमगतात, पण डिस्प्ले येत नाही.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच.

मॉनिटरची केबल कुठे लावली आहे ते आधी बघा. ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डालाच हवी, मदरबोर्डच्या एचडीएमआयला नाही. उलट बाजूही बघा. कार्ड अजून आलेलं नाही, तोवर बोर्डावरून चालवू असा बेत असेल तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे का? इंटेलच्या नावामागे एफ असेल, जसं आय५-१२४००एफ, तर नाही. एएमडीच्या रायझन ५ ५६०० मध्ये नाही, ५६००जी मध्ये आहे. रायझन ७००० मालिकेत बहुतेकांत आहे, पण ७५००एफ मध्ये नाही. दुकानदाराने ‘एफवाला घ्या, स्वस्त पडेल’ म्हटलेलं असतं आणि कार्ड पुढच्या पगारावर ढकललेलं असतं. तो पीसी डिस्प्ले देणारच नाही, त्यात कुणाचा दोष नाही. मॉनिटरच्या मेनूत इनपुट बरोबर निवडलंय का, हेही एकदा बघा.

मग रॅम. चार खाचा असतील आणि दोन पट्ट्या असतील तर त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवतात. बोर्डावर ए२ आणि बी२ लिहिलेलं असतं. दोन्ही टोकं वेगवेगळी दाबा. काही बोर्डांवर एकाच बाजूला खटका असतो, त्यामुळे दुसरी बाजू बसलीय असं वाटतं आणि ती वर राहते. तरीही नाही तर एकच पट्टी ए२ मध्ये ठेवून बघा, मग तिथेच दुसरी.

आता धीर. डीडीआर५ रॅम असलेला बोर्ड पहिल्यांदा सुरू होताना रॅमशी जुळवून घेत बसतो. एएमडीच्या एएम५ बोर्डांवर यात पाच-दहा मिनिटं सहज जातात, रॅम जास्त असेल तर आणखी. त्या वेळात पडदा काळाच असतो. तिसऱ्या मिनिटाला घाबरून बटण दाबलं की सगळं पहिल्यापासून. एकदा चालू करा आणि चहा टाकायला जा.

ग्राफिक्स कार्डाची पॉवर वायरही बघा. खाचेतून कार्डाला ७५ वॉटच मिळतात, बाकीचे वरच्या प्लगमधून यायला हवेत. नव्या १६ पिनांच्या प्लगात तर थोडीही फट नको; अर्धवट बसलेले प्लग वितळल्याची प्रकरणं जगभर झाली आहेत.

बोर्डावर एक छोटा दिवा लागून राहतो. तो काय सांगतो?

दोष कुठे शोधायचा ते सांगतो, आणि फुकटात. सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार दिवे असतात. आसुस त्यांना क्यू-एलईडी म्हणते, एमएसआय ईझेड डीबग. सुरू होताना ते एकामागून एक लागून विझतात, आणि जिथे अडकतं तो लागून राहतो. डीरॅम लागला तर वरचा रॅमचा परिच्छेद पुन्हा वाचा. व्हीजीए म्हणजे कार्ड काढून परत बसवा. बूट म्हणजे हार्डवेअर जवळपास पास झालं, विंडोजचा प्रश्न आहे. सीपीयू लागला तर बायोस आणि पिना, हे दोन पुढचे प्रश्न.

बोर्डावर दिवे नसतील तर लॅमिंग्टन रोडवर अगदी किरकोळ पैशांत छोटा स्पीकर मिळतो. तो बोर्डाला लावला की पीसी शिट्ट्या मारून तक्रार सांगतो, आणि शिट्ट्यांचा अर्थ पुस्तिकेत असतो.

दुकानातला मुलगा रॅम खोडरबराने घासतो आणि पीसी चालू होतो. मीही घासू का?

जुन्या रॅमवर समुद्राच्या हवेने थर चढतो, तिथे त्याचा उपयोग होतो. नव्या रॅमवर घासण्यासारखं काही नसतं. त्या मुलाने रॅम काढून परत नीट दाबून बसवली, श्रेय त्या नीट बसवण्याचं आहे. आणि खोडरबराचा चुरा खाचेत गेला तर नवं दुखणं.

सगळं बरोबर बसलंय, तरी सीपीयूचा दिवा लागलेलाच. बायोस जुना असेल का?

दाट शक्यता आहे, विशेषतः बोर्ड दुकानात बराच काळ पडून असेल तर. बी६६० बोर्ड २०२२ च्या सुरुवातीला आले, इंटेलचे तेराव्या पिढीचे प्रोसेसर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. त्यामुळे जुन्या साठ्यातला बोर्ड नवा प्रोसेसर ओळखत नाही. बी६५० आणि २०२४ मध्ये आलेल्या रायझन ९००० चंही तेच. सॉकेट जुळतं, प्रोसेसर बसतो, पण सुरू होत नाही. कंपनीच्या साइटवर बोर्डाच्या पानावर प्रोसेसरची यादी असते, त्यात कुठल्या बायोसपासून चालेल ते लिहिलेलं असतं.

बोर्डाला फ्लॅशबॅकचं (पेनड्राइव्हवरून बायोस बदलायचं) बटण असेल तर घरीच होतं: पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा, पुस्तिकेत सांगितलेलं नाव देऊन फाइल टाका, ठरलेल्या यूएसबी पोर्टात लावा, बटण दाबून धरा. दिवा लुकलुकणं थांबेपर्यंत वीज जाता कामा नये. बटण नसेल तर जिथून बोर्ड घेतला तिथेच न्या. विकणाऱ्याने हे फुकट करून द्यायला हवं, आणि बहुतेक देतात.

त्याआधी बायोस रिसेट करून बघायला हरकत नाही. प्लग काढा, बोर्डावरचा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा, परत लावा. रॅमचा वेग वाढवायला एक्सएमपी लावल्यावर डिस्प्ले गेला असेल तर हाच उपाय.

प्रोसेसरच्या पिना वाकल्यात असं वाटतंय.

एएम४ सॉकेटच्या रायझनला पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात. एखाददुसरी वाकली असेल तर ०.५ मिमीच्या मेकॅनिकल पेन्सिलीतली शिसं काढून तिचं नळीसारखं टोक पिनेवर घाला आणि हळूहळू सरळ करा. घाई केली की पीन तुटते. या प्रोसेसरवरून कूलर काढताना सरळ वर ओढू नका, पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटातून उपटून येतो. आधी डावी-उजवीकडे फिरवा.

इंटेल आणि एएम५ ला पिना बोर्डाच्या सॉकेटात असतात, केसासारख्या बारीक. त्यांना घरी हात लावू नका. मोबाइलने जवळून फोटो काढा आणि दुकानाला पाठवा. सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण फेकलं असेल तर कचऱ्यातून शोधून काढा, वॉरंटीत बोर्ड परत घेताना ते मागतात.

काहीच सापडत नाही. आता?

बोर्ड कॅबिनेटबाहेर काढा आणि त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. ज्या चकचकीत पिशवीत तो आला तिच्यावर नको, काही पिशव्या बाहेरून वीज वाहून नेतात. प्रोसेसर, कूलर, एक रॅम, दोन पॉवर प्लग, मॉनिटर. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर कार्ड. बाकी काही नाही. पॉवर पिना स्क्रू ड्रायव्हरने टेकवा. इथे डिस्प्ले आला तर दोष कॅबिनेटच्या बसवणीत होता. मग एकेक भाग वाढवत जा. नाही आला तर उरलेल्यांपैकी एक भाग गेलाय, आणि तो ठरवायला बदली भाग लागतात.

पावसाळ्यात पीसी जोडू नये म्हणतात, खरं का?

जोडा बिनधास्त. दमट हवेत स्थिर वीज उलट कमी साठते. फक्त एसीच्या गारव्यातून आणलेला भाग दमट खोलीत लगेच उघडू नका, तासभर पाकिटातच राहू द्या, नाहीतर पाणी धरतो. काम करताना अधूनमधून कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा, तेवढं पुरे.

डिस्प्ले आला, पण विंडोज टाकताना एसएसडी दिसतच नाही.

पीसी सुरू झालाय, अभिनंदन. बायोसमध्ये एसएसडी दिसते का बघा. तिथे दिसते आणि विंडोजमध्ये नाही, आणि प्रोसेसर इंटेलचा अकराव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असेल, तर व्हीएमडी नावाचा पर्याय बंद करा किंवा इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन इन्स्टॉल करताना द्या. बायोसमध्येही दिसत नसेल तर एम.२ खाचेत ती तिरकी राहिली असेल, किंवा साटा जातीची एसएसडी फक्त एनव्हीएमई घेणाऱ्या खाचेत गेली असेल.

दुकानात सगळा पीसी न्यायचा की फक्त बिघडलेला भाग?

कुठला भाग बिघडलाय ते पक्कं असेल तर तेवढाच, बिल आणि खोक्यासकट. बिलावरचा सीरियल नंबर भागावरच्याशी जुळतोय ना ते घरीच बघा. पक्कं नसेल तर सगळं न्या, पण ग्राफिक्स कार्ड काढून वेगळं. जड कार्ड खाचेत ठेवून लोकलच्या धक्क्यांतून नेलं की खाच उखडते. लगेज डब्यातून न्या आणि रविवार टाळा, लॅमिंग्टन रोडवरची बरीच दुकानं तेव्हा बंद असतात. तपासणीचे पैसे आधी विचारा आणि तपासणी समोरच करायला सांगा. दुकान वॉरंटी नाकारत असेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

सगळं चालतंय, पण बाजूचं झाकण लावलं की बंद पडतं!

झाकण कार्डाच्या पॉवर वायरीला दाबतंय, किंवा मागच्या बाजूला कोंबलेला वायरींचा गठ्ठा २४ पिनांच्या प्लगला ओढतोय. वायर दुसऱ्या वाटेने फिरवा. काच असेल तर स्क्रू आवळताना जोर करू नका, कोपऱ्यातून तडकते.